बोंडअळी जीआर वाचत नाही

बीटी कपाशीच्या बियाण्याची ४५० ग्रॅमची पिशवी घेतली की तिच्यासोबत १२० ग्रॅमची एक लहान पुडी मिळत असे. कोणी तिला 'नॉन-बीटी' म्हणे, कोणी 'रेफ्युजी'. नियम साधा होता. बीटी कपाशीभोवती या साध्या बियाण्याच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे जास्त भरेल तेवढी लागवड करायची. ती का करायची, हे फार थोड्यांना सांगितले गेले आणि त्याहूनही थोड्यांनी विचारले. बहुतेक पुड्या बांधावर पडल्या, नांग्या भरण्यात संपल्या, नाहीतर दुकानातच राहिल्या. 'अळीला जेवू घालायला मी पाचवा हिस्सा जमीन सोडू काय?' हा शेतकऱ्याचा सवाल वरवर पाहता बिनतोड होता. कंपनी म्हणे, आम्ही पुडी दिली. दुकानदार म्हणे, मी ती हातात ठेवली. सरकार म्हणे, आमचा नियम कागदावर आहे. प्रत्येकाने आपापले कर्तव्य पार पाडले आणि काम मात्र झाले नाही.

बीटी कपाशीला भारतात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीची हिरवी, टणक दिसणारी बोंडे फोडली की आत गुलाबी अळी आणि पोखरलेली सरकी निघू लागली. मग बोगस बियाण्याची चर्चा झाली, नुकसानभरपाईची झाली, मोर्चे निघाले, पंचनामे झाले. त्यातले बरेचसे आवश्यकच होते. ती पुडी मात्र कोणाच्या भाषणात आली नाही. मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे, कारण आपल्या समाजाचे विज्ञानाशी असलेले नाते तिच्यात उघडे पडते.

अंधश्रद्धा म्हटले की आपल्याला भगत, गंडा, अंगारा आठवतो. पण अंधश्रद्धेचे लक्षण तिच्या पोशाखात नसते. एखादी गोष्ट कोणत्या कारणाने आणि कोणत्या अटीवर काम करते हे न विचारता ती काम करीलच असे मानणे, आणि ती निकामी ठरली की कारण शोधण्याऐवजी दुसरी तशीच गोष्ट विकत घेणे, हे तिचे लक्षण. या कसोटीवर प्रयोगशाळेत तयार झालेले बियाणेही ताईत होऊ शकते. आपल्याकडे ते झाले. ताईत बांधणाऱ्यांत केवळ अडाणी म्हणवले जाणारे शेतकरी नव्हते. कृषी पदवीधर होते, अधिकारी होते, शेअर बाजाराच्या बातम्या वाचणारे व्यवस्थापकही होते.

त्या पुडीमागचा तर्क शेतात तपासून पाहण्यात ज्यांनी मोठा वाटा उचलला, त्यांच्यापैकी एक म्हणजे अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ ब्रूस टॅबॅश्निक. त्यांच्या कामाची सुरुवात कपाशीपासून झाली नाही, एका फुलपाखरापासून झाली. रानातल्या शेंगवर्गीय झाडांवर जगणारे हे पिवळे फुलपाखरू माणसाने लावलेल्या लसूणघासावर कसे वळले, हा त्यांचा सुरुवातीचा विषय. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा शेतीला काय उपयोग, असे तेव्हा कोणीही विचारले असते. आपल्याकडे तर हमखास. पण त्यात दडलेला प्रश्न पुढे चार दशके त्यांच्यासोबत राहिला. माणूस शेत बदलतो तेव्हा कीटक किती वेगाने बदलतो? उत्क्रांती ही डायनासोरच्या हाडांची गोष्ट आहे असे समजणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. शेतात एका वर्षात किडीच्या अनेक पिढ्या जन्मतात आणि मरतात, तिथे उत्क्रांती हंगामागणिक घडते.

तिथून ते हवाई बेटांवर गेले. मातीत सापडणाऱ्या बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूची भुकटी पाण्यात मिसळून फवारली की अळ्या मरतात, हे शेतकऱ्यांना तोवर अनेक वर्षे माहीत होते. या जिवाणूच्या नावाचे लघुरूप म्हणजेच बीटी, आणि त्याचे जनुक घातलेली कपाशी ती बीटी कपाशी. त्याचे प्रथिन अळीच्या आतड्याला भोके पाडते, माणसाला अपाय करीत नाही, आणि सेंद्रिय शेती करणाऱ्यांनाही ते मान्य असते. जिवाणूजन्य, नैसर्गिक औषध असल्याने किडी त्याला सरावणार नाहीत, असा विश्वास तेव्हा पुष्कळांना होता. टॅबॅश्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले की जिथे हे औषध पुन्हापुन्हा फवारले गेले, तिथल्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या शेतातच त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनाही हा पतंग चांगलाच ओळखीचा आहे. हा निष्कर्ष बीटी पिके बाजारात येण्याच्या सहा वर्षे आधीचा, ही बाब महत्त्वाची. म्हणजे इशारा वेळेवर मिळाला होता.

१९९६ साली टॅबॅश्निक अॅरिझोनात आले. अमेरिकेत बीटी कपाशीची व्यापारी लागवड सुरू झाली तीही त्याच वर्षी. त्यांच्या गटाने १९९७ मध्ये शेतातून गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्या तपासल्या, तेव्हा बीटीला न जुमानणाऱ्या जनुकाचे प्रमाण सुमारे सोळा टक्के निघाले. अपेक्षा हजारात एखाद्याची होती. या हिशोबाने दोन-चार वर्षांत बीटी कपाशीचा बोजवारा उडायला हवा होता. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी पुन्हा मोजले, तर प्रमाण वाढलेच नव्हते. हा निकाल त्यांनी २००० साली जसाच्या तसा छापला. इथे मला थोडे थांबावेसे वाटते. धोक्याचा इशारा देणाऱ्या माणसाला 'मी म्हणालो होतो ना' असे म्हणायची घाई असते. धोका ठरल्या वेळी आला नाही तर तो गप्प बसतो किंवा आकडे वळवतो. टॅबॅश्निकांनी विचारले : का आला नाही?

उत्तर शोधताना त्यांना ज्या गोष्टी तपासाव्या लागल्या, त्याच आपल्याकडे १२० ग्रॅमच्या पुडीत बंद होत्या. प्रत्येक अळीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. बीटी पचवण्यासाठी दोन्ही प्रती प्रतिकारक असाव्या लागतात. एक प्रतिकारक आणि एक साधी असेल तर अळी बीटी कपाशीवर मरते. आता समजा, शंभर प्रतींत एक प्रतिकारक आहे. मग दोन्ही प्रती तशा असलेली अळी दहा हजारांत एक निघेल. बीटीच्या शेतात बाकी सगळ्या मरतील आणि ती एक जगेल. शेजारी साधी कपाशी नसेल, तर तिचा पतंग होऊन तिला जोडीदार मिळेल तो तिच्यासारखाच दुसरा वाचलेला, आणि पोटी येणारी सगळी प्रजा बीटी पचवणारी. शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तिथून हजारो साधे पतंग निघतील, त्या एकट्या पतंगाची गाठ त्यांच्यापैकीच कोणाशी तरी पडेल, आणि त्यांची पिल्ले बीटी कपाशीवर मरतील. याला अळीला जेवू घालणे म्हणता येणार नाही. पुढच्या पिढीच्या लग्नाची ही व्यवस्था होती. शिवाय टॅबॅश्निकांच्या गटाला असे आढळले की प्रतिकारक अळ्यांना त्या गुणाची किंमत मोजावी लागते. साध्या कपाशीवर त्या इतरांच्या मागे पडतात आणि हिवाळ्यातल्या सुप्तावस्थेत कमी टिकतात. साधी कपाशी शेतात असेल तर निसर्गच त्यांची गळती करतो. नसेल तर गळतीला जागाच उरत नाही.

अॅरिझोनाच्या कापूस उत्पादकांनी साध्या कपाशीचा नियम पाळला. सगळे साधू होते म्हणून नव्हे. शेतांची मोजणी होत होती, तपासणी होत होती आणि ती त्यांच्याच संघटनेच्या सहभागाने होत होती. पुढे २००६ पासून तिथे साध्या कपाशीच्या जागी दुसरा उपाय वापरला गेला. किरणोत्साराने वांझ केलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग विमानांतून शेतांवर सोडले जाऊ लागले. वांझ कीटकांची ही कल्पनाही जनुकशास्त्रातूनच आलेली. हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीच्या जनुकांत बदल घडवता येतात हे दाखवले. एडवर्ड निपलिंग यांनी तोच धागा धरून गुरांच्या जखमांत अळ्या करणाऱ्या माशीचा अमेरिकेतून नायनाट केला. अॅरिझोनात आणि आसपास २००६ ते २०१४ या काळात अकराशे कोटींहून अधिक वांझ पतंग सोडले गेले. २०१८ साली अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. ती तिथे शिरली होती १९१७ मध्ये.

आता आपल्याकडे पाहू. ही कीड भारतात जुनी आहे. तिचे शास्त्रीय वर्णन १८४३ साली झाले तेच भारतातल्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. २००८ च्या हंगामात गुजरातेतल्या अळ्या पहिल्या बीटी जनुकाला दाद देईनाशा झाल्या आणि २०१० मध्ये बीटी तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनेच अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या चार जिल्ह्यांत हे घडल्याचे जाहीर केले. तोवर दोन जनुकांचे बियाणे बाजारात आलेलेच होते. मग लोक निर्धास्त झाले, कारण आता दोन ताईत होते. २०१४-१५ पर्यंत दुसऱ्याचाही प्रभाव गुजरातेत ओसरला, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राची पाळी आली. २०१४ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून भारतातल्या शेतांमधल्या प्रतिकारक अळ्यांची तपासणी केली. बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, त्याचे जनुक या अळ्यांत एका रीतीने नव्हे, अनेक वेगवेगळ्या रीतींनी बिघडलेले आढळले. उत्क्रांतीला आपण इतका मोकळा वाव दिला होता की एकच कुलूप तिने अनेक बाजूंनी फोडले.

कीड तीच, जनुक तेच, देश दोन. फरक पडला तो माणसांच्या वागण्याने.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. तिकडचा शेतकरी शेकडो एकरांचा धनी, आमचा पाच एकरांचा. पाच एकरांत पाच ओळी सोडल्या तर एक वेचणी बुडते. नियम पाळणाऱ्याला तोटा ताबडतोब होतो आणि फायदा मिळतो तो शेजाऱ्यांना, तोही काही वर्षांनी. मग एकट्याने का पाळावा? हा युक्तिवाद खरा असल्यामुळेच तो नियम एकेका शेतकऱ्याच्या सदसद्विवेकावर सोडून देणे हा धूर्तपणा होता. अमेरिकेतल्या शेतांसाठी आखलेला नियम यवतमाळ-परभणीच्या शेतांवर चिकटवला, तो पाळला जाणार नाही हे सर्वांना दिसत होते, आणि तरी 'नियम आहे' म्हणून सगळ्यांनी हात झटकले. आपल्याकडे सोवळ्याचे असे अनेक नियम आहेत जे पाळायचे नसतात, असायचे असतात. हा त्यांतलाच एक झाला.

पण छोट्या शेतांवर हे होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना चीनचे उदाहरण पाहावे लागेल. तिथले शेतकरीही छोटेच. यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी बियाण्याचा खर्च वाचवण्यासाठी संकरित बियाण्याची दुसरी पिढी लावायला सुरुवात केली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे तिच्यात चारांतले एक झाड बीटीविना निघते. सरकारने न सांगता, शेतकऱ्यांनीही न ठरवता, अशा प्रत्येक शेतात पंचवीस टक्के साधी कपाशी आपोआप उभी राहिली. गुलाबी बोंडअळीचा वाढू लागलेला प्रतिकार तिथे मागे हटला. चिनी संशोधकांनी टॅबॅश्निक यांच्यासोबत हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे नेमके आपली बोंडे किडत होती त्या वर्षी. यातून निघणारा धडा असा की साधे बियाणे पिशवीतच मिसळून द्या, म्हणजे कोणाला वेगळ्या ओळी घालाव्या लागणार नाहीत आणि पुडी फेकण्याचा प्रश्नही उरणार नाही. गुलाबी अळी एका बोंडात शिरली की सहसा तिथेच वाढते, झाडाझाडांवर फिरत बसत नाही, म्हणून ही मिसळ तिच्यासाठी सोयीची. आपल्याकडेही आता ही पद्धत आली आहे. पण दोन्ही जनुके निकामी झाल्यावर आली. शेत पेटल्यावर विहीर खणावी, तसे.

दुसरा आक्षेप : सगळा दोष कंपन्यांचा. बराच आहे, हे मी मान्य करतो. अमेरिका, ऑस्ट्रेलियात कपाशीचे सरळ वाण लावतात, आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांतून. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, हा त्यामागचा व्यवसाय उघड आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती वर्षानुवर्षे सांगत आले की संकरित झाडाच्या बोंडात काही बिया बीटीच्या, काही अर्धवट, काही साध्या असा मेळ असतो. सरकी खाणाऱ्या गुलाबी अळीला त्यामुळे विष कमी-अधिक मिळते, आणि अर्धी प्रतिकारक अळीही तगून जाण्याची शक्यता वाढते. लांब मुदतीचे संकरित वाण सहा महिन्यांहून अधिक शेतात उभे राहतात आणि अळीला पिढ्यांमागून पिढ्या वाढवायला जागा देतात. हे सारे कंपनीच्या आणि सरकारच्या दारात टाकावे लागेल. पण डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड कोण घेते? जानेवारी-फेब्रुवारीत चार क्विंटल जास्त कापूस मिळावा म्हणून उभी ठेवलेली पऱ्हाटी, घराशेजारी रचलेले पऱ्हाटीचे ढीग, जिनिंगच्या आवारात पडलेली किडकी सरकी, ही अळीची हिवाळ्यातली घरे आहेत. जूनआधीच धूळपेर करून तिला लवकर फुले कोण पुरवते? गुलाबी अळीचे भाग्य आणि दुर्दैव हे की ती जवळपास कपाशीवरच जगते. हिरव्या बोंडअळीला तूर आहे, हरभरा आहे. त्या पिकांतून साधे पतंग येतच राहतात, म्हणून ती बीटीपुढे अजून बऱ्याच अंशी नमते. गुलाबीसाठी असे नैसर्गिक आश्रयपीक नव्हते. ते आपण लावायचे होते. तसेच वर्षातले चार-पाच महिने शिवारात कपाशी नसली तर ती उपाशी मरते. तेही आपल्याच हातात होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला जबाबदारीतून मोकळे करणे म्हणजे त्याला बालक समजणे. शेतकऱ्याला बालक समजणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, आणि त्यांतले बरेच जण शेतकऱ्याचे कैवारी म्हणवतात.

यालाच जोडून एक अपमानकारक आक्षेप येतो, तो अधिकाऱ्यांच्या खोलीत चहा पिताना हळूच बोलला जातो : 'हे जनुकशास्त्र त्यांना कुठे कळणार?' सकाळी शेतात फिरताना अर्धवट मिटलेले, गुलाबकळीसारखे दिसणारे कपाशीचे फूल पाहून 'ही डोमकळी, आत अळी आहे' असे ओळखणाऱ्या बाईला दोन प्रतींचा हिशोब कळणार नाही? कोणत्या वळूचे वासरू कसे निघेल यावर रात्रभर वाद घालणाऱ्या माणसाला आई-बापाकडून आलेल्या गुणांचे गणित अवघड जाईल? जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिले तेव्हाही शेतकऱ्याला शास्त्र शिकवावे, ही त्यांची मागणी होती, उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. आज जवळपास दीडशे वर्षांनंतर आपण त्याला अनुदान देतो, ॲप देतो, कामगंध सापळे देतो. कारण देत नाही. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणी करा, हे पत्रकात छापतो. आठच का, हे छापत नाही. कारण न सांगता दिलेला सल्ला आणि पंचांगातला मुहूर्त यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने फरक काय?

तिसरा आक्षेप सुशिक्षित शहरी घरांतून येतो. हे सगळे विज्ञानाचेच पाप आहे, निसर्गाकडे परत चला. मोठ्या आवाजात म्हटले की हे पटते. पण हवाईतल्या त्या पतंगाने प्रतिकार कमावला तो जनुक बदललेल्या पिकाविरुद्ध नव्हे. सेंद्रिय शेतीत मान्य असलेल्या, मातीतल्या जिवाणूच्या फवाऱ्याविरुद्ध कमावला. 'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर लिहिल्याने निवड थांबत नाही. कीड मारणारी कोणतीही गोष्ट एकट्याने, अखंड आणि अंदाधुंद वापरली की तिचा हाच शेवट होतो. आणि इशारा कोणी दिला? शास्त्रज्ञांनीच दिला, तोही लागवडीआधी. मग विज्ञान नाकारून मोकळ्या झालेल्या जागेत काय येऊन बसते ते पाहा. २०१८ मध्ये गोवा सरकारने मंत्रोच्चारांनी पीक वाढवण्याच्या 'कॉस्मिक' शेतीला उचलून धरले. मंत्र म्हणून बियाण्यात ऊर्जा भरता येते असे मानणारा आणि पिशवीवर 'बीटी' छापले आहे म्हणजे अळी मरेलच असे मानणारा, हे दोघे एकमेकांचे विरोधक आहेत असे मला वाटत नाही. दोघांनाही कारण नको आहे.

कारण न विचारण्याची किंमत बहुतेक वेळा न विचारणारा भरत नाही, म्हणून हा प्रश्न माझ्या लेखी केवळ शेतीशास्त्राचा राहत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. शेकडो रुग्णालयात गेली, काहींची दृष्टी अधू झाली. ती सगळी फवारणी गुलाबी अळीसाठीच होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. रसशोषक किडी होत्या, पीक माणसाच्या डोक्यावर गेले होते, औषधे एकमेकांत मिसळली जात होती. पण बियाण्यावरचा भरवसा तुटला की हात फवारणीच्या पंपाकडे जातो, हे कोणालाही दिसत होते. मेलेल्यांत स्वतःच्या शेतावर फवारणारे होते, तसेच रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेणारे भूमिहीन मजूरही होते. त्यांनी बियाणे निवडले नव्हते, पुडी फेकली नव्हती, फरदड घेतली नव्हती. ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या कपाशीत, तोंडाला रुमाल बांधून ते विष श्वासातून घेत होते. नंतर त्यांना सांगण्यात आले की तुम्ही हातमोजे आणि चष्मा वापरला नाहीत. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला चष्म्याचा उपदेश करणारी नीती मला कधीच समजली नाही.

'आमचे नशीबच खोटे' असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण मी त्याच्याशी वाद घालीन, कारण तो माझ्या बरोबरीचा नागरिक आहे. पावसाला नशीब म्हणा हवे तर. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी डिसेंबरअखेर कपाशी उपटली आणि पाच जणांनी मार्चपर्यंत उभी ठेवली, तर त्या पाच शेतांतून उडणारे पतंग बाकीच्यांच्या नशिबात कोणी लिहिले? पतंगाला सातबारा ठाऊक नसतो. म्हणून हा निर्णय एकेका शेताचा नाही, शिवाराचा आहे, आणि शिवाराचा निर्णय ग्रामसभेत बसून करायला आपल्याला घटनेने अधिकार दिलेला आहे. जत्रेची तारीख, मंदिराचा कळस, सप्त्याची वर्गणी यांवर गाव एकमुखाने ठरवते आणि न पाळणाऱ्याला जाबही विचारते. म्हणजे गावात सामूहिक शिस्त नाही ही सबब खोटी आहे. ती कशासाठी वापरायची, एवढाच प्रश्न आहे. राज्य सरकारने बियाणे जूनआधी विकायचे नाही असे बंधन अलीकडच्या काही वर्षांत घातले होते, ते योग्यच होते. पण अशा बंधनामागचे कारण गावाला सांगितले नाही तर शेतकरी शेजारच्या राज्यातून पिशवी आणील, आणि आणतोच.

पुढचा बीटी, तिसरे जनुक, तणनाशक सहन करणारे बियाणे, यांच्या जाहिराती आणि चोरटी विक्री चालूच आहे. मागच्या दोन जनुकांचा हिशोब कोणी मागितलेला नाही. टॅबॅश्निकांनी त्यांच्या राज्यात दरवर्षी अळ्या गोळा केल्या, प्रयोगशाळेत बीटीच्या विषावर वाढवल्या, किती जगल्या ते मोजले, आणि आकडा आवडो न आवडो, छापला. आपल्याकडेही संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठे हे काम करतात, पण तो आकडा बियाणे विकत घेणाऱ्याच्या हातात पडत नाही. येत्या मे महिन्यात, बियाण्याची पहिली पिशवी विकली जाण्याआधी, कपाशी पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याने ग्रामसभेत उभे राहून एवढेच सांगावे, की गेल्या हंगामात या तालुक्यातून गोळा केलेल्या शंभर अळ्यांपैकी बीटी खाऊन किती जगल्या. आकडा नसेल, तर का नाही, हेही तिथेच, लोकांसमोर सांगावे.